डायलिसिस, किडनीचा आजार आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाचे हाल

सुरंगी
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातून लिहितेय. माझे सासरे, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, ७६ वर्षांचे आहेत. एसटीत ड्रायव्हर होते. साखर आणि बीपी जुनंच. गेल्या वर्षी किडन्या निकामी झाल्या, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. त्याची घडी आता बसलीय. माझा प्रश्न तोंडाचा आहे.

गेले काही महिने अण्णांच्या तोंडाला वास येतो. साधा शिळ्या तोंडाचा नव्हे, मुतारीपाशी येतो तसा उग्र. सकाळी जास्तच. त्यांना स्वतःलाच इतकी लाज वाटते की नातवंडं जवळ आली की पंचाचं टोक तोंडावर धरतात. पाणी मोजून, त्यामुळे जीभ टाळूला चिकटलेली. जेवायला बसले की म्हणतात, "भाताक पत्र्याची चव लागता." ब्रश फिरवला की हिरड्यांतून रक्त येतं, आणि खालची एक दाढ हलतेय. ती ठणकायला लागली की जेवण बंद.

दंतवैद्याकडे नेलं, तर डायलिसिस म्हटल्याबरोबर त्यांनी किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितलं. किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, दाताचं दातवाल्यांनी बघायचं. मेडिकलवाल्याने दुखण्याची गोळी देऊ केली, ती मी घेतली नाही.

इथे कुणी किडनीच्या पेशंटचा दात काढून घेतलाय का? ठरवायचं कुणी, दिवस कोणता धरायचा? आणि माझं ठाम मत आहे की डायलिसिस सुरू करताना पथ्याचा कागद हातात देतात, तसा तोंडाच्या काळजीचाही द्यायलाच हवा. आम्हाला कुणी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

खाडीकाठ
वाचतोय. माझ्या आईचं क्रिएटिनिन (किडनी किती बिघडलीय ते दाखवणारी रक्ततपासणी) ३.८ आहे, डायलिसिस अजून लागलेलं नाही. तोंड कडू पडतं अशी तिची तक्रार सुरू झालीय. याचा किडनीशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नव्हतं.

रापणकर
माझ्या बापाशीचा पयला लक्षान ह्याच होता. जेवणाक चव नाय, सकाळी दात घासूक गेलो की उमाळे. आमका वाटला पित्त असतला. सोडा झालो, कोकमाचा सार झाला. तालुक्याच्या डाक्टरान रगत तपासूक सांगल्यान तेव्हा समाजला. डायलिसिस सुरू झाल्यार वास खूप कमी झालो, पण अगदीच गेलो नाय. मधी एक दिवस जास्त गेलो की परत येता.

जुना_खलाशी
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ७६ वय, आठवड्यातले तीन दिवस मशिनवर, त्यात दातांच्या मागे धावाधाव कशाला? माझ्या वडिलांच्या तोंडात शेवटी शेवटी एकही दात नव्हता. पेज आणि मऊ भात, त्यावर बरीच वर्षं काढली आणि सुखाने गेले. म्हाताऱ्या माणसाला रिक्षात घालून आणखी एका डॉक्टरच्या दारात न्यायचं, म्हणजे हाल त्याचेच. दुखतंय तोवर मऊ खायला घाला, आपोआप पडेल तो दात.

आंबोशी
खलाशीकाकांशी अर्धी सहमत. धावपळीने माणूस दमतो हे खरंच आहे. डायलिसिसहून आल्यावर माझे वडील संध्याकाळपर्यंत डोळेसुद्धा उघडत नाहीत.

चिपळूणची_लेक
काका, तुमच्या वडिलांच्या किडन्या चांगल्या होत्या म्हणून पेज चालली. डायलिसिसच्या माणसाला पेज म्हणजे पाणीच.

माझ्या मावशीकडे हेच झालं. मावशीचे यजमान डायलिसिसवर. हिरड्या सुजल्या, चावेना, म्हणून घरात पेज, सार, मऊ खिमट असं सुरू झालं. पाण्याची बाटली मोजून भरलेली असायची, खुणा केलेली. पेजेचं मात्र मोजमाप नाही, कारण पेज म्हणजे जेवण. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन तीन किलोच्या वर वाढायला लागलं. रात्री आडवं झालं की धाप लागायची, दोन उशा टेकून बसून झोपायचे. सिस्टरांनी ताटातलं एकेक विचारलं, तेव्हा वाडगाभर पेजेत पाणी किती जातं ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. त्यात मासे, अंडं, डाळ सगळं मागे पडलेलं. डायलिसिसवर प्रथिनं जास्त लागतात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम. ५० किलोच्या माणसाला ५०-६० ग्रॅम झाली. ती पेजेतून कुठून येणार?

दुखरी दाढ त्यांच्या छातीत पाणी भरायला कारण झाली, असंच मी म्हणेन. वय कितीही असू दे, चावता यायला हवं.

जुना_खलाशी
पेजेचा हा हिशेब पटला. माझा मुद्दा त्रास वाढू नये एवढाच होता.

दाढदुखी
मी दंतवैद्य आहे, सिंधुदुर्गात प्रॅक्टिस करतो. तोंड बघितल्याशिवाय इथे कुणाला औषध सांगणार नाही, पण सुरंगीताईंचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो वास. किडनी युरिया बाहेर टाकेनाशी झाली की तो रक्तात साठतो आणि लाळेतही उतरतो. तोंडातले जंतू त्याचा अमोनिया करतात. मुतारीची आठवण येते ती यामुळे. अण्णांना कृपा करून सांगा की हा वास त्यांच्या अस्वच्छतेचा नाही. कितीतरी म्हातारी माणसं या लाजेपायी बोलणं कमी करतात, लग्नाकार्याला जात नाहीत. पत्र्याची चव त्यातलीच. चव मेली की माणूस लोणचं, पापड, खारा बांगडा मागतो, मीठ पोटात गेलं की तहान लागते, आणि पाणी तर मोजून. हे चक्र तोंडातून सुरू होतं.

अमोनियामुळे लाळ अल्कधर्मी होते, शरीरातलं कॅल्शियम-फॉस्फेटचं गणितही बिघडलेलं असतं. त्यामुळे दातांवर टार्टर, म्हणजे कडक झालेला थर, भराभर चढतं. टार्टरखाली हिरडी सुजते आणि रक्त येतं. त्याला आणखी दोन गोष्टींची साथ असते. युरियामुळे प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, मोजून पुरेशा असल्या तरी कामाला कच्च्या पडतात, आणि डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं. अण्णांना मधुमेहही आहे, म्हणजे हिरड्यांचा आजार जास्त चिवट.

लाळ कमी हे तिसरं. पाण्यावर बंधन, लाळग्रंथी थकलेल्या, वरून बीपीच्या वगैरे गोळ्या. लाळ नसली की दात मुळांपाशी किडतात. वय झालं की हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं असतं, आणि ती कीड बाहेरून पटकन दिसतही नाही.

कधीतरी गालाच्या आत, जिभेखाली पांढरट पापुद्रे धरतात आणि भयंकर आग होते. रक्तातला युरिया फार चढलेला असतो तेव्हा हे दिसतं, सहसा ३०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर. त्याला माझ्याकडे औषध नाही. युरिया खाली आला की ते बरं होतं.

आता गोळ्या. ताईंनी मेडिकलमधली गोळी घेतली नाही ते फार चांगलं केलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही दाढदुखीवर सर्रास दिली जाणारी औषधं आहेत. खाडीकाठ, तुमच्या आईसारख्या अजून डायलिसिस न लागलेल्या पेशंटची उरलेली किडनी यांनी खलास होऊ शकते. डायलिसिसवाल्यांना पोटात रक्तस्रावाचा धोका, आणि थोडीफार लघवी होत असेल तर तीही जाते. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत चालतं. अमॉक्सिसिलिनसारख्या अँटिबायोटिकची मात्रा किडनी बघून कमी करावी लागते. दाढ सुन्न करायचं लिग्नोकेनचं इंजेक्शन यकृतात निकामी होतं, त्याची भीती बाळगू नका.

दात काढता येतो. डायलिसिसवरच्या पेशंटचे दात मी काढतो, माझ्यासारखे पुष्कळ जण काढतात. चिठ्ठी मागणाऱ्या दंतवैद्यांनाही दोष देऊ नका, त्यांनी विचारलं ते योग्यच. फक्त ती चिठ्ठी पेशंटने दारोदार हिंडून आणायची नसते. दंतवैद्याने किडनीच्या डॉक्टरांना फोन केला तर पाच मिनिटांत विषय संपतो. ताई, दंतवैद्यांसमोर बसूनच त्यांना फोन लावायची विनंती करा.

अबोली_सिस्टर
डॉक्टरांनी बरंच सांगितलंय. मी रत्नागिरी जिल्ह्यात डायलिसिस युनिटला काम करते, दिवसाचं मी सांगते.

दात काढायचा तो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. हेपॅरिनचा अंमल साधारण चार ते सहा तासांत उतरतो, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत ते शिल्लक नसतं. रक्त नुकतंच स्वच्छ झालेलं असतं, अंगावर जास्तीचं पाणी नसतं, आणि आंबोशीताई म्हणतात तो थकवाही रात्रीच्या झोपेने उतरलेला असतो. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांनी मंगळवार किंवा गुरुवार धरावा. शनिवारही बसतो, पण रात्री रक्त सुरू झालं तर रविवारी आपल्याकडे कुणाला शोधणार? त्यानंतरच्या डायलिसिसला आल्याआल्या आम्हाला सांगा की दात काढलाय. मग हेपॅरिन कमी द्यायचं की बिनहेपॅरिनचं डायलिसिस करायचं, ते डॉक्टर ठरवतात. न सांगता मशिनला लागले आणि चालू डायलिसिसमध्ये तोंडातून रक्त यायला लागलं, अशा वेळी पेशंट खूप घाबरतो हो.

फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशन करून शीर जोडलेल्या हाताचं दंतवैद्यांना आधीच सांगा. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई नको, खुर्चीत बसताना तो हात अंगाखाली दुमडला जायला नको. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्यांना ते महागात पडतं.

सुरंगी
डॉक्टर, सिस्टर, काय बोलू! तुमचं दोघांचं लिहिलेलं अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. वासाचं कारण ऐकून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे माजो दोष नाय तर." संध्याकाळी धाकटी नात मांडीवर होती.

वनौषधी_प्रेमी
मूळ कारण पोटात असतं. पोट साफ नसलं की तोंडाला वास येणारच. आमच्या आजीने आयुष्यभर मिशरी लावली, ९० व्या वर्षी ऊस सोलायची. मिशरी नाहीतर मीठ-तेल लावा, रात्री एखादं चांगलं चूर्ण द्या. या रसायनांनीच किडन्या जातात.

चिपळूणची_लेक
मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखू. आपल्या बायका हिरड्यांना चोळून अर्धा-अर्धा तास तोंडात धरतात. निकोटिनने हिरडी सुन्न होते, बरं वाटतं, आणि आत हिरडी मुळापासून सुटत जाते. तोंडाच्या कॅन्सरचाही धोका आहे. माझ्या आजोळी प्रत्येक बाईच्या घरात मिशरीची डबी होती आणि प्रत्येकीचे पुढचे दात हललेले मी पाहिलेत. किडनीच्या पेशंटला आधीच बीपी, वर तंबाखू कशाला?

दाढदुखी
सहमत. चूर्णाबद्दलही काळजीने सांगतो. काही भस्मांच्या औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे आणि दोन्ही किडनीला घातक. आयुर्वेदिक औषध घ्यायचंच असेल तर पदवीधर वैद्यांना क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवून आणि किडनीच्या डॉक्टरांना सांगून घ्या. मिठाच्या पाण्याने चूळ भरली तर हरकत नाही, पण थुंकायची, गिळायची नाही.

वनौषधी_प्रेमी
वैद्यांना रिपोर्ट दाखवायला माझी ना नाही. मिशरीचं माझ्या घरात बोलतो.

चाकरमानी_दादर
मी मुंबईला, आई-बाबा राजापूरला. बाबा डायलिसिसवर. तहानेवर आमच्याकडे जे चाललं ते लिहितो. बाबांना दिवसाला जेवढं पाणी सांगितलंय तेवढंच सकाळी बाटलीत भरून ठेवतो, चहा आणि आमटी त्यातून वजा. थोडं पाणी बर्फाच्या साच्यात. पाण्याच्या घोटापेक्षा बर्फाचा खडा तोंडात कितीतरी वेळ पुरतो, फक्त तोही हिशेबात धरायचा. दुपारी घशाला कोरड पडली की थंड पाण्याने चूळ भरून टाकतात. बिनसाखरेचं च्युइंगम मी दर खेपेला घेऊन जातो, त्याने लाळ सुटते. ७१ वर्षांचा माणूस ओटीवर बसून च्युइंगम चघळतो म्हणून वाडीतली पोरं आधी बघत राहायची. आता तीच पोरं येऊन मागतात.

गणपतीत गावी डायलिसिसच्या पाळ्यांचा घोळ होतो, मुंबईहून आलेले पेशंटही तिथेच येतात. ज्यांचे आईवडील दोन्हीकडे असतात त्यांनी गावच्या केंद्रात महिनाभर आधी बोलून ठेवा.

आंबोशी
च्युइंगम कवळीला चिकटणार नाही का?

चाकरमानी_दादर
बाबांचे दात आहेत अजून, त्यामुळे तो अनुभव नाही.

दाढदुखी
कवळीला बरीचशी च्युइंगम चिकटतात. त्यांनी बिनसाखरेची गोळी चोखावी. लाळेसारखं काम करणारी जेल आणि स्प्रेही मिळतात, रात्री झोपताना ती बरी पडतात. माउथवॉश घेणार असाल तर अल्कोहोल नसलेला घ्या, नाहीतर तोंड आणखी कोरडं पडतं.

रापणकर
शहाळ्याचा काय? बापाशीक लय आवाडता. माडार चढून आमीच काडतो.

अबोली_सिस्टर
दादा, शहाळं नको. १०० मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, एका शहाळ्यातून सहज ६००-७०० पोटात जातं. डायलिसिसच्या माणसाचं पोटॅशियम चढलं तर हृदय थांबू शकतं. कोरड्या तोंडाला शहाळं छान वाटतं, म्हणून आपल्याकडे हा धोका जास्त. तसंच ते 'लो सोडियम' मीठ. बीपीला चांगलं म्हणून लोक आणतात, पण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं.

आणि एक, करमल. कमरक म्हणतात ते, ताऱ्यासारख्या फोडी होणारं. तोंडाला चव येते म्हणून म्हाताऱ्या माणसांना मीठ लावून देतात. किडनीच्या पेशंटला ते विष आहे. त्यातलं एक द्रव्य किडनीवाटे बाहेर पडत नाही आणि मेंदूवर जातं. आधी उचकी लागते, ती थांबत नाही, मग बडबड, फिट, माणूस जाऊही शकतो. परसात झाड असलं तरी त्यांना देऊ नका. बिंबलाचा रस काढून पिणंही टाळा, त्यातल्या ऑक्झलेटने चांगली किडनीसुद्धा बंद पडल्याच्या घटना केरळात नोंदल्या आहेत.

खाडीकाठ
आमच्या विहिरीजवळ करमलीचं झाड आहे. आईला आजच सांगतो. धन्यवाद सिस्टर.

आंबोशी
मऊ खाण्याचा विषय निघालाय म्हणून. मुडदुशीच्या दिवसांत मुडदुशी घ्या. आजारी माणसाला पूर्वीपासून देतात, हलकी आणि मऊ. वाफवून काटा काढायचा, भातात कालवायची. वडिलांना दात कमी आहेत तरी दोन मुडदुशा व्यवस्थित खातात. रस्सा घट्ट ठेवायचा, म्हणजे पाणी वाढत नाही. मीठ अगदी बेताचं, वरून कोकमाचा आंबटपणा. आंबट असलं की मीठ कमी असल्याचं त्यांना जाणवत नाही.

जुना_खलाशी
मुडदुशी उत्तम. सौंदाळेही मऊ असतात. बाजारातून आणताना बर्फातली जुनी घेऊ नका, डोळा आणि कल्ला बघा.

नीरफणस
जरा वेगळा अनुभव. माझ्या आईची किडनी ४० टक्के काम करते, डायलिसिस नाही. तिच्या हिरड्या इतक्या वाढल्या की पुढचे दात अर्धे झाकले गेले. रक्त नाही, दुखणं नाही, नुसतं गुलाबी मांस वर चढलेलं. आम्ही भलतंसलतं मनात आणून झोप उडवून घेतली. दंतवैद्य बाईंनी पहिला प्रश्न विचारला, बीपीची कुठली गोळी? अॅम्लोडिपिन. त्यांनी किडनीच्या डॉक्टरांना पत्र दिलं, त्यांनी गोळी बदलली, दोनदा खोल सफाई झाली आणि पुढच्या काही महिन्यांत हिरड्या बऱ्याच खाली बसल्या. ही गोळी घेणाऱ्या सगळ्यांना असं होत नाही म्हणाल्या, पण झालं तर ओळखता यायला हवं.

दाढदुखी
फार चांगलं उदाहरण. निफेडिपिन आणि ट्रान्सप्लांटनंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन यांनीही हेच होतं. हे वाचून कुणी बीपीची गोळी स्वतः बंद मात्र करू नका. ती गोळी किडनी वाचवत असते.

काजूबोंड
आमच्या काकूंचे दात एकामागून एक हलायला लागले. कीड नाही, हिरड्या तशा ठीक. वय झालं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. एक्स-रेत जबड्याचं हाड विरळ दिसलं, मग पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) तपासलं तर खूपच वाढलेलं. हे दाताचं की किडनीचं?

दाढदुखी
किडनीचं. बिघडलेली किडनी व्हिटॅमिन डी कामाला लावू शकत नाही आणि फॉस्फरस बाहेर टाकत नाही. रक्तातलं कॅल्शियम कमी पडतं, ते भरून काढायला गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढतात. जबडाही त्यातून सुटत नाही. जेवणातला फॉस्फरस अंगात जाऊ न देणाऱ्या, जेवणाबरोबर घ्यायच्या गोळ्या लोक कंटाळून सोडतात. त्या जेवताना घेतल्या तरच उपयोगी, मागाहून घेऊन काही होत नाही. आणि हाडांसाठी कुठलं इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याआधी नक्की सांगा, काही इंजेक्शनांनंतर जबड्याची जखम भरत नाही.

सुरंगी
मंडळी, दाढ निघाली!

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दंतवैद्यांना समोर बसूनच फोन लावायला सांगितलं. दोघं पाच मिनिटंसुद्धा बोलले नसतील. प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन बघून घेतलं, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वेळ दिली. दंतवैद्यांनी टाके घातले, रक्त थांबवायच्या औषधात भिजवलेला कापूस दाबून ठेवला आणि अण्णांना तिथेच तासभर बसवून मग घरी सोडलं. २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, गरम काही नाही. रात्री थोडं लालसर आलं तेवढंच. पुढच्या डायलिसिसला सिस्टरांना आधी सांगितलं, त्यांनी बिनहेपॅरिनचं केलं. टाके काढल्यावर टार्टरची सफाई झाली. वास पूर्ण गेलेला नाही, पण दारातून कळायचा तो आता कळत नाही.

आमच्यासारखे दोन डॉक्टरांच्या मध्ये अडकलेले आणखी असतील. सावंतवाडी-बांद्याकडच्यांना गोव्यातलं बांबोळी सोपं आहे, मेडिकल कॉलेज आणि डेंटल कॉलेज शेजारीशेजारी. मुंबईत मुलं असतील तर सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आहे. पण आधी तालुक्यातच फोन लावायला सांगून बघा.

आता अण्णांची वरची कवळी सैल झालीय, बोलताना खाली येते. नवी करावी का?

दाढदुखी
अभिनंदन ताई, अण्णांचंही! कवळीची घाई करू नका. दाढेची जागा भरू दे. तोंड कोरडं असलं की कवळी धरतच नाही, लाळच तिला चिकटवून ठेवते. सध्या आहे तिलाच आतून अस्तर लावून घेता येतं. रात्री काढून, ब्रशने घासून, स्वच्छ पाण्यात ठेवायची. मधुमेह आणि कोरडं तोंड असलं की कवळीखाली बुरशी धरते, टाळू लालभडक होते, ओठांचे कोपरे चिरतात. तसं दिसलं तर दाखवा, साध्या औषधाने बरं होतं.

जुना_खलाशी
सुरंगी, बरं झालं पोरी. अण्णांना माझा नमस्कार सांग. कुठल्या डेपोला होते?

सुरंगी
विजयदुर्ग डेपोला होते काका. बरीच वर्षं मुंबईच्या रातराणीवर.

खाडीकाठ
डॉक्टर, शेवटचं विचारतो. आईला डायलिसिस अजून नाही, मग दात आत्ता दाखवू की त्रास होईल तेव्हा?

दाढदुखी
आत्ता. हेपॅरिन नाही, पाण्यावर फारसं बंधन नाही, अंगात ताकद आहे. सफाई, कीड भरणं, जे काढायचं ते काढणं, सगळं आत्ता सोपं. पुढे ट्रान्सप्लांटचा विचार झाला तर ते डॉक्टरही आधी तोंड तपासून मागतात, कारण नंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असते आणि दाताच्या मुळातला छोटा पू तेव्हा मोठं संकट होतो. घरी दोन वेळा मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि तोंड कोरडं पडायला लागलं तर त्याहून लवकर.

खाडीकाठ
पुढच्या आठवड्यात नेतो. बरोबर काय काय घेऊ?

दाढदुखी
ताजा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), क्रिएटिनिन, साखर, आणि आधी कुणी जबड्याचा एक्स-रे काढला असेल तर तो. गोळ्यांची नावं लिहून आणू नका, लिहिताना एखादी राहते. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरून तशाच घेऊन या. वेदनेसाठी अधूनमधून घेतात त्याही.